‘लढले का नाहीत?’ हा प्रश्न आपण नेमका कुणाला विचारतो

मागच्या दिवाळीत बहिणीकडे जेवायला बसलो होतो आणि भाच्याने, नववीत आहे तो, मध्येच विचारलं, मामा, हिटलरने साठ लाख ज्यू मारले ना, मग एवढे लोक होते तर त्यांनी मारामारी का नाही केली? पोराने कुठलातरी व्हिडिओ बघितलेला, प्रश्न प्रामाणिक होता. पण मी तोंड उघडायच्या आत पंगतीतल्या एका काकांनी निकाल देऊन टाकला, “अरे मेंढरांसारखे गेले सगळे. लढायला अंगात धमक लागते.” आणि पुरीला हात घातला, विषय संपला.

सणाच्या दिवशी मोठ्या माणसांशी कुठं हुज्जत घालायची म्हणून मी गप्प बसलो. पण ते ‘मेंढरांसारखे’ काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय. लांबलंय, आधीच सांगतो.

पहिलं म्हणजे हा प्रश्न आपण फक्त ज्यूंनाच का विचारतो? जर्मनीने जून १९४१ मध्ये सोव्हिएत रशियावर हल्ला केला, आणि त्या युद्धात सोव्हिएत सैन्याचे साधारण ५७ लाख सैनिक जर्मनांच्या हाती लागले. त्यातले ३० लाखांहून जास्त कैदेत मेले. उपासमारीने, थंडीने, गोळ्या घालून. जवळपास वीस लाख तर पहिल्या हिवाळ्याच्या शेवटापर्यंतच गेले. आता ही सगळी कोण माणसं होती? तरणीताठी, ट्रेनिंग घेतलेली, कालपर्यंत हातात रायफल असलेली, सोबत म्हातारी आई नाही की कडेवर पोर नाही. काटेरी तारेच्या मागं उघड्या माळावर ती लाखोंनी मेली आणि आजवर कुणी त्यांना मेंढरं म्हणल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मग जो नियम सैनिकाला नाही तो वॉर्साच्या शिंप्याला आणि त्याच्या सहा वर्षांच्या पोरीला कसा काय लागू होतो, हे काकांनी मला समजावून सांगावं.

आणि हा प्रश्न काही बाहेरच्यांनीच विचारला असं नाही. खुद्द इस्रायलमध्ये सुरुवातीची कितीतरी वर्षं छळछावणीतनं वाचून आलेल्यांकडे जरा खालच्या नजरेनंच बघायचे. नवा देश, शेती करणारे, बंदूक चालवणारे नवे ज्यू, त्यांना हे अंगावर नंबर गोंदलेले खंगलेले लोक म्हणजे कुठंतरी लाजच वाटायची. १९६१ मध्ये जेरुसलेमला आइखमानवर, म्हणजे ज्यूंना छावण्यांकडे धाडायची व्यवस्था बघणाऱ्या नाझी अधिकाऱ्यावर, खटला चालला तेव्हा सरकारी वकील गिडिऑन हाउझनर यांनी एका साक्षीदाराला भर कोर्टात विचारलं, तिथं पंधरा हजार कैदी होते, पहारेकरी त्यामानाने थोडे, मग तुम्ही उलटला का नाहीत? साक्षीदाराचं नाव मोशे बेइस्की, पुढे इस्रायलच्या सुप्रीम कोर्टात जज झाले. त्यांनी आधी बसायला परवानगी मागितली. मग सांगितलं त्याचा आशय असा, की आमच्या कॅम्पला लागूनच पोलिश कैद्यांचा कॅम्प होता, हजारेक माणसं. कुंपणापासून शंभर मीटरवर त्यांचा देश होता, त्यांची घरं होती, आणि तेसुद्धा पळाल्याचं मला आठवत नाही. आम्ही पळून जाणार तरी कुठं होतो?

बेइस्कींच्या त्या ‘कुठं’मध्ये निम्मं उत्तर आलं.

उरलेलं निम्मं उत्तर बंधकांचं. जर्मनांचा साधा हिशोब होता, एकाने काही केलं की शंभरांना उभं करायचं. तुम्ही पहारेकऱ्यावर दगड मारलात तर तुमचा जीव जाईल ते सोडा, तुमची गल्ली जाईल. आता बोला, कुणाच्या जिवावर शूर व्हायचं? लिथुआनियातल्या विल्ना शहरात हे अगदी जसंच्या तसं घडलं. तिथं घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या बंदिस्त वस्तीत, जानेवारी १९४२ मध्ये तरुणांनी सशस्त्र गुप्त संघटना काढली, तिचा कमांडर यित्झाक विटेनबर्ग. जुलै १९४३ मध्ये जर्मनांना नाव कळलं आणि निरोप आला, माणूस ताब्यात द्या, नाहीतर अख्खा घेट्टो साफ. आत वीसेक हजार लोक उरलेले. लोक रस्त्यावर आले, आणि जर्मनांच्या नव्हे, आपल्याच पोरांच्या अंगावर धावून गेले, की एका माणसासाठी आमची बायकापोरं का मरावीत. विटेनबर्ग स्वतःहून हजर झाला आणि जर्मनांच्या कोठडीत संपला. दोनच महिन्यांनी सप्टेंबरमध्ये जर्मनांनी घेट्टो साफ केलाच. आज आपल्याला शेवट माहितीये म्हणून आपण म्हणतो देऊन काय उपयोग झाला, पण जुलैच्या त्या रात्री माझी लेक घेट्टोत असती तर मीही त्याच गर्दीत असतो. खोटं कशाला बोलू.

गंमत म्हणजे (गंमत कसली) ते ‘मेंढरं’ हे शब्दसुद्धा विल्न्याचेच. १९४१ च्या शेवटच्या रात्री घेट्टोतल्या एका अन्नछत्रात तरुण पोरं जमलेली, बाहेरच्यांना वाटावं थर्टी फर्स्टची पार्टी आहे, आणि तिथं तेवीस वर्षांच्या अब्बा कोव्हनरने एक पत्रक वाचलं. मेंढरांसारखे कत्तलीला जाऊ नका, असं त्यात होतं. तोवर विल्न्यातले निम्म्याहून जास्त ज्यू शहराबाहेर पोनारीच्या जंगलात गोळ्या घालून मारले गेले होते, आणि हे फक्त आपल्या गावात नाही, युरोपभर सगळ्यांनाच मारायचा बेत आहे, असं उघडपणे म्हणणारा कोव्हनर हा अगदी पहिल्या काही माणसांपैकी एक. बाकीच्यांना ते खरंच वाटत नव्हतं. तुम्हाला तरी वाटलं असतं का? म्हणजे ते शब्द जिवंत माणसांना हलवायला वापरलेले, मेलेल्यांवर शेरा मारायला नव्हते. ते आपण, म्हणजे वाचलेल्या जगाने, उचलले आणि मेलेल्यांना चिकटवले.

त्याच कोव्हनरची पुढची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. सप्टेंबर १९४३ मध्ये घेट्टो मोडत असताना तो आणि त्याचे सोबती गटारातनं बाहेर पडून जंगलात जायला निघाले. तेव्हा आई आली आणि म्हणाली, मी काय करू? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. गटारातनं आणि जंगलात म्हातारी माणसं नेता येत नाहीत. पुढं आयुष्यभर सगळे त्याला हिरो म्हणत राहिले, कवी म्हणूनही त्याचं मोठं नाव झालं, आणि तो मात्र म्हणायचा की मी घेट्टोचा योद्धा का आईला सोडून आलेला गद्दार हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता इथं मला तुविया बिएल्स्की आठवतो.

आजच्या बेलारूसमध्ये नोवोग्रुडोक गाव आहे, त्याच्याजवळच्या एका खेड्यात हे बिएल्स्की कुटुंब, गावात एकटंच ज्यू घर, पिठाची गिरणी चालवायचे. तुविया, असाएल, झुस आणि धाकटा आरोन हे चौघे भाऊ. डिसेंबर १९४१ च्या कत्तलीत आईवडील गेले, झुसची बायको आणि तान्ही मुलगी गेली. भाऊ लहानपणापासून त्या रानात वाढलेले, वाटा पायाखालच्या, शेतकऱ्यांशी ओळखी, ते जंगलात शिरले. इथवर कुठल्याही गनिमी टोळीची गोष्ट असते तशीच आहे. पण तुवियाने जे केलं ते त्या जंगलात बाकी फारसं कुणी करत नव्हतं. जंगलातनं जर्मनांशी लढणाऱ्या सोव्हिएत गनिमी तुकड्यांना तरुण पाहिजेत आणि तेही शक्यतो स्वतःची बंदूक घेऊन आलेले. तुवियाने घेट्टोत माणसं पाठवून निरोप धाडले की या, कुणीही या, म्हातारे या, पोरं घेऊन या. दहा जर्मन मारण्यापेक्षा एक म्हातारी ज्यू बाई वाचवलेली मला चालेल, असं तो म्हणायचा. त्याच्यासोबतच्या बंदूकवाल्या पोरांना हे पटत नव्हतं बरं का, खाणारी तोंडं वाढली की धोका वाढतो हे त्यांचंही चूक नव्हतंच.

ऑगस्ट १९४३ मध्ये जर्मनांनी नालिबोकीचं जंगल पिंजून काढायला प्रचंड फौज आणली. तुवियाने शेकडो लोकांना, लहान पोरांसकट, दलदलीतनं चालवत मधल्या एका कोरड्या उंचवट्याकडे नेलं. रात्री चिखलपाण्यात झोप लागली की माणूस बुडणार, म्हणून लोक पट्ट्याने, दोरीने स्वतःला झाडाला बांधून झोपले. कच्चं धान्य चावून दिवस काढले. जर्मन गेले, हे उठले, आणि त्याच जंगलात परत आख्खं गाव वसवलं. जमिनीत अर्धी खणलेली घरं. बेकरी, पिठाची गिरणी, चांभार, शिंपी, लोहार, घड्याळजी, दवाखाना, न्हाणीघर, पोरांची शाळा, कातडी कमवायचा कारखाना आणि तिथंच प्रार्थना. आजूबाजूच्या सोव्हिएत तुकड्या आपले फाटके बूट आणि बिघडलेल्या बंदुका इथं दुरुस्तीला पाठवायच्या, आणि त्या कामाच्या बदल्यात हे ‘निकामी’ लोकांचं गाव त्यांनी टिकू दिलं. चांभाराच्या आरीने किती माणसं वाचवली याचा हिशोब कुठल्या युद्धस्मारकावर सापडायचा नाही.

नोवोग्रुडोकमध्येच उरलेल्या कारागिरांचा एक कामगार कॅम्प होता. तिथल्या लोकांनी कित्येक महिने खपून सुमारे २०० मीटर लांबीचा बोगदा खणला, पिशव्या हातोहात देत माती माळ्यावर आणि भिंतींच्या पोकळीत लपवली, आत विजेचे दिवेसुद्धा ओढले. २६ सप्टेंबर १९४३ च्या वादळी रात्री सुमारे अडीचशे जण त्यातनं बाहेर सरपटले. सगळे वाचले नाहीत, पण बरेचसे वाचले, आणि त्यातले कितीतरी जण तुवियाच्या गावात पोचले. जुलै १९४४ मध्ये लाल सैन्य आलं तेव्हा त्या जंगलातनं सुमारे १,२०० माणसं चालत बाहेर आली, आणि त्यात मोठा भाग बायका, म्हातारे आणि पोरांचा होता.

आता हे सगळं गोडगोड करायची माझी इच्छा नाही. त्या गावाला रोज खायला लागायचं ते बंदूक दाखवून शेतकऱ्यांकडून आणलेलं असायचं, आणि त्या बिचाऱ्या शेतकऱ्याकडे दिवसा जर्मन यायचे, रात्री हे जंगलवाले. नालिबोकी गावात मे १९४३ मध्ये सोव्हिएत गनिमी तुकड्यांनी शंभराहून जास्त पोलिश गावकरी मारले, त्यात बिएल्स्कींची माणसं होती असा आरोप पोलंडमध्ये झाला, सरकारी चौकशी झाली, सिद्ध काही झालं नाही. कॅम्पातसुद्धा सगळे समान नव्हते. बंदूकवाल्यांचा रुबाब वेगळा, त्यांच्या ताटात जास्त पडायचं, आणि ज्याच्या हातात ना बंदूक ना हुन्नर त्याला ‘मालबूश’ म्हणायचे, म्हणजे हिब्रूत नुसता कपडा. वाचवलेल्या माणसालासुद्धा टोमणा ऐकावा लागायचाच. पण तरी त्या कपड्याला बाहेर हाकललं नाही, माझ्या मते सगळं मोठेपण इथं आहे.

म्हणजे माझं म्हणणं सरळ सांगतो. ज्या राजवटीचा उद्देशच हा आहे की तुम्ही सगळे मरावेत आणि तुम्ही होतात याची खूणही राहू नये, तिथं लढाई म्हणजे काय हे ठरवताना नुसत्या बंदुका मोजून चालत नाही. जर्मनांना जे व्हायला हवं होतं ते होऊ न देणं, मग ते बटाटा आत आणून असो का कागद पुरून, हीच ती लढाई.

वॉर्साचं बघा. नोव्हेंबर १९४० मध्ये भिंत बांधून चार लाखांवर माणसं साडेतीनएक चौरस किलोमीटरात कोंबली. १९४१ मध्ये ज्यूंना सरकारी रेशन मिळायचं ते दिवसाला २०० कॅलरीपेक्षाही कमी, म्हणजे आपल्या दोन पोळ्या धड होत नाहीत. त्या हिशोबाने सगळे काही महिन्यांत मरायला हवे होते. हजारोंनी मेलेही. पण बाकीचे जगले कारण घेट्टोत येणारं बहुतांश अन्न चोरटं होतं, आणि ते आणणाऱ्यांत सात-आठ वर्षांची पोरं होती, भिंतीतल्या भोकातनं, गटाराच्या मोरीतनं बाहेर जायची आणि सदऱ्यात बटाटे भरून परत यायची. सापडलं तर गोळी. डॉक्टर स्वतः उपाशी असताना उपासमारीने शरीराचं काय होतं याचा शास्त्रीय अभ्यास करत होते, रोग्यांच्या नोंदी ठेवत होते, आणि ती हस्तलिखितं बाहेर पोचवून १९४६ मध्ये छापली गेली.

आणि एमानुएल रिंगेलब्लम. इतिहासाचा माणूस. त्याने पन्नास-साठ जणांचा गट जमवला, शनिवारी भेटायचे म्हणून नाव ‘ओनेग शब्बात’, शब्बाथचा आनंद. काम एकच, लिहून ठेवणं आणि गोळा करणं. काय गोळा केलं बघा, ट्रामची तिकिटं, चॉकलेटचे कागद, रेशनची कुपनं, शाळेतल्या पोरांचे निबंध, मैफलींची निमंत्रणं. एकेका खोलीत तीनतीन बिऱ्हाडं असायची, तर दारावर कुणासाठी किती वेळा बेल वाजवायची याची पाटीसुद्धा जपून ठेवली. मला ती बेलची पाटी फार आपली वाटते, चाळीत राहिलेल्या कुणालाही वाटेल. आणि त्याच गठ्ठ्यात खेल्म्नो कॅम्पातनं पळून आलेल्या एका माणसाची साक्ष होती, गॅसच्या गाड्यांमध्ये माणसं कशी मारतात त्याची. अशा बातम्या गुप्त मार्गाने लंडनला पोचल्या, जून १९४२ मध्ये बीबीसीने पोलंडच्या ज्यूंच्या कत्तलीची बातमी दिली, आणि रिंगेलब्लमने डायरीत लिहिलं की आपल्या गटाने मोठी ऐतिहासिक कामगिरी बजावली. बिचाऱ्याला वाटलं आता जग धावून येईल.

२२ जुलैपासून वॉर्सातनं त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गाड्या सुटायला लागल्या, दोन महिन्यांत अडीच लाखांवर माणसं गेली. त्या धामधुमीत ऑगस्टच्या सुरुवातीला नोवोलिप्की रस्त्यावरच्या एका शाळेच्या तळघरात दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. पुरणाऱ्यांत एक होता दाविद ग्राबेर, वय १९. त्याने आपलं मृत्युपत्र त्यातच टाकलं, की जे आम्हाला जगाला ओरडून सांगता आलं नाही ते आम्ही जमिनीत पुरतोय. बाहेर रस्त्यावर धरपकड चालू आणि हा पोरगा खड्डा खणतोय. याला मेंढरू म्हणायचं?

इथं एक रास्त आक्षेप येतो आणि तो मला मान्य आहे. सगळ्यालाच प्रतिकार म्हणायला लागलं तर त्या शब्दात राहिलं काय? घेट्टोत श्रीमंत स्मगलरही होते, त्यांच्यासाठी हॉटेलं चालू होती, ज्यू पोलीस होते ज्यांनी आपल्याच लोकांना गाड्यांकडे हाकललं. जगला म्हणजे लढला असं सरसकट नाही म्हणता येणार. इतिहासकार येहुदा बाउअर यांनी यासाठी ‘अमिदा’ हा हिब्रू शब्द वापरला, उभं राहणं. आपल्याकडच्या बेने इस्रायल लोकांना, अलिबागकडच्या शनिवार तेल्यांना, हा शब्द रोजच्या प्रार्थनेतला आहे, उभ्याने म्हणायची ती अमिदा. मला ही फूटपट्टी बरी वाटते. दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन जो तरला तो नुसता तरला, त्याला मी नावंही ठेवणार नाही कारण मी तिथं नव्हतो. ज्याने तरताना आणखी कुणालातरी धरून ठेवलं, माणसाला, पुस्तकाला, नुसत्या नोंदीला, तो उभा राहिला.

वॉर्साचा उठाव मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण नेहमी तोच आधी सांगतात. १९ एप्रिल १९४३. सातएकशे पोरंपोरी, पिस्तुलं, पेट्रोलच्या बाटल्या, थोडेफार हातबॉम्ब. लढले, जबरदस्त लढले, वादच नाही. पण तो उठाव महिनाभर चालला कसा? पन्नासेक हजार सामान्य माणसांनी आधीच तळघरात बंकर खणून ठेवले होते आणि ती बाहेर यायला तयार नव्हती, म्हणून. जर्मन जनरल स्ट्रूपला एकेक इमारत पेटवत जावं लागलं. त्याने वर पाठवलेल्या रिपोर्टात पकडलेल्या आणि मारलेल्या ज्यूंचा आकडा आहे ५६,०६५, आणि त्यातल्या जवळपास कुणाच्याच हातात शस्त्र नव्हतं. उठावाच्या वाचलेल्या नेत्यांपैकी एक मारेक एडेलमन, पुढं पोलंडमध्येच हृदयरोगाचा डॉक्टर झाला, २००९ मध्ये वारला. तो शेवटपर्यंत एका गोष्टीवर चिडायचा, की गोळी झाडत मरणं जास्त सुंदर आणि पोराचा हात धरून गाडीत चढणं कमीपणाचं, हे कुणी ठरवलं? त्याच्या मते ते दुसरं जास्त अवघड होतं. आम्ही तर नुसतं मरण कसं यावं तेवढं निवडलं, म्हणायचा.

बंदूक हातात घेतलेल्या माणसाने हे म्हणावं, आणि पुरी खाताखाता आपण मेंढरं म्हणावं.

आपलं काय जातंय, असं म्हणाल. पुण्यामुंबईच्या फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र अजून मराठीत मिळतं, ‘यशस्वी कसे व्हाल’ टाइप पुस्तकांच्या शेजारी. शिस्तीचा माणूस होता, म्हणतात. जिथं मारणाऱ्याचं कौतुक ‘शिस्त’ म्हणून होतं तिथं मरणाऱ्याला ‘धमक नव्हती’ ऐकावं लागणारच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाईवर अत्याचार झाला की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ओरडली का नाही? तोच हा प्रश्न. विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, आपल्यावर अशी वेळ आली तर आपण वेगळे वागू एवढी खात्री त्याला हवी असते.

भाच्याला नंतर फोनवर हे सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्यांत, क्लासला जायच्या आधी. त्याला पुरलेल्या कागदांचं पुढं काय झालं ते ऐकायचं होतं. म्हटलं, गटातले तिघंच युद्धातनं वाचले. १९४६ मध्ये त्यातल्या एकाच्या सांगण्यावरनं नुसत्या विटांच्या ढिगाऱ्यात जागा शोधून पेट्या काढल्या, आत पाणी गेलेलं, कागद भिजून गठ्ठे झालेले. दुसरा साठा फेब्रुवारी १९४३ मध्ये दुधाच्या दोन कॅनमध्ये पुरला होता, डेअरीत असतात तसले, तो १९५० मध्ये बांधकाम मजुरांना सापडला आणि बराच कोरडा निघाला. कॅनचं झाकण घट्ट बसतं ना, तो म्हणाला. हो, म्हटलं. तिसरा साठा उठावाच्या अगदी तोंडावर पुरला म्हणतात.

“त्यात काय होतं?”

म्हटलं, तो अजून सापडलेला नाही.